प्लॅटिनमचे काम प्लॅस्टिक करील का?

प्रश्न : विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते ते वीज बाहेर येऊ नये म्हणून. मुलांना मी आयुष्यभर हेच शिकवले. आता वाचतो की प्लॅस्टिकचेच इलेक्ट्रोड करून ते इंधन घटात प्लॅटिनमऐवजी वापरता येतात. प्लॅस्टिकमधून वीज वाहते, हेच आधी पचनी पडत नाही. खुलासा करावा.
– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, तुम्ही शिकवले ते चूक नाही. तारेवरचे पीव्हीसी किंवा पिशवीतले पॉलिथिन वीज वाहू देत नाही. पॉलिथिनच्या साखळीत प्रत्येक कार्बन अणूचे चारही हात गुंतलेले असतात, दोन शेजारच्या कार्बनांशी आणि दोन हायड्रोजनांशी. सगळे इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात अडकलेले, हलायला मोकळा कोणीच नाही.

पण सगळ्या पॉलिमरांची ठेवण अशी नसते. ॲसिटिलीन वायूचे रेणू एकमेकांना जोडत गेले की पॉलिॲसिटिलीनची साखळी तयार होते. तिच्यात कार्बन-कार्बनमधले बंध एकेरी, दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी असे आलटून पालटून येतात. त्यामुळे प्रत्येक कार्बनमागे एक इलेक्ट्रॉन बराच सैल असतो. तरीही शुद्ध पॉलिॲसिटिलीनमधून वीज जेमतेमच वाहते, कारण इलेक्ट्रॉन सैल असले तरी सगळ्या जागा भरलेल्या असतात. खच्चून भरलेल्या एसटीत कोणालाच पुढे सरकता येत नाही. दारातला एक जण उतरला की त्याच्या जागी मागचा येतो, मागच्याच्या जागी त्याच्याही मागचा, आणि ती रिकामी जागा सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत पोचते. पॉलिमरच्या साखळीतून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की हेच घडते. रसायनशास्त्रात हे ऑक्सिडीकरण. या क्षेत्रातली माणसे त्याला डोपिंग म्हणतात.

हे कसे उमगले ती हकिगत सांगण्याजोगी आहे. १९६७ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी भांड्यात चंदेरी पापुद्रा धरला. तो धातूसारखा चमकत होता, पण त्यातून धातूसारखी वीज वाहत नव्हती. पुढे पेनसिल्वेनिया विद्यापीठातले ॲलन मॅकडायर्मिड टोकियोला गेले असता त्यांच्या दृष्टीस तो पापुद्रा पडला आणि त्यांनी शिराकावांना अमेरिकेत बोलावून घेतले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर सोबतीला आले. तिघांनी पापुद्र्याला ब्रोमीन, आयोडीन अशा हॅलोजनांची वाफ दिली, तेव्हा त्याची वाहकता जवळजवळ एक कोटी पटींनी वाढली. १९७७ साली शोधनिबंध निघाला आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट सांगताना आधीची माणसे बहुधा गाळली जातात, ते मला योग्य वाटत नाही. लंडन हॉस्पिटलमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे हेन्री लेथबी यांनी १८६२ साली ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली आणि इलेक्ट्रोडवर निळसर हिरवा थर बसलेला नोंदवून ठेवला. आज आपण त्याला पॉलिॲनिलीन म्हणतो. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली पॉलिपायरोलची चांगली वाहकता मोजून छापलीही होती. ऐकणारे त्या वेळी फारसे कोणी नव्हते.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे ते बाजारात आले नाही. टिकाऊ निघाले ते पेडॉट. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार केले. गंधक असलेले थायोफीनचे कडे आणि त्याच्या पाठीला ऑक्सिजनचे दोन अणू, अशी त्याच्या प्रत्येक कडीची घडण. पीएसएस नावाच्या दुसऱ्या पॉलिमरबरोबर ते पाण्यात मिसळते आणि शाईसारखे पसरवता येते. आगफाच्या फोटोफिल्मवर स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून त्याचाच पातळ थर देत असत. संगणकाच्या मदरबोर्डवर जे घन कपॅसिटर बसवलेले असतात त्यांतल्या अनेकांच्या पोटातही पेडॉट असते. म्हणजे तुम्ही न पटणारी म्हणता ती वस्तू बहुधा तुमच्या घरात येऊन बसलेली आहे.

ते तांब्याची बरोबरी करते असे मात्र समजू नका. तांब्याची वाहकता दर सेंटीमीटरला सुमारे ६ लाख सीमेन्स; पेडॉटचा चांगला थर हजाराच्या आसपास किंवा थोडा पुढे जातो. तारेसाठी हे अपुरेच. इलेक्ट्रोडच्या पातळ थरात विजेला जायचे अंतर अगदी थोडे असते, तिथे एवढे पुरते.

प्रश्न : वीज वाहते, हे मान्य. पण वीज वाहणे वेगळे आणि उत्प्रेरक असणे वेगळे. इंधन घटाला प्लॅटिनमच का लागते, आणि ते काम हे पॉलिमर कसे करते?
– अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नेमका हाच फरक बातम्यांत हरवतो, म्हणून हा प्रश्न आल्याचा आनंद आहे.

हायड्रोजनच्या इंधन घटात दोन इलेक्ट्रोड असतात. एकावर हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन सोडतो. ते काम सोपे आहे आणि प्लॅटिनम ते झपाट्याने करते. खरी अडचण दुसऱ्या बाजूला, हवेच्या इलेक्ट्रोडवर. तिथे ऑक्सिजनच्या रेणूने चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेऊन पाणी व्हायचे असते. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो बंध तोडायला दर मोलला ४९८ किलोज्यूल ऊर्जा लागते. घटाचा सैद्धांतिक दाब १.२३ व्होल्ट, पण चालत्या गाडीत एकेका घटातून ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. गळतीचा मोठा वाटा या हवेच्या इलेक्ट्रोडचा आहे.

प्लॅटिनमची खुबी अशी की ते ऑक्सिजनला आपल्या पृष्ठभागावर धरते, पण फार घट्ट नाही. लोखंड त्याला इतके घट्ट धरते की सोडतच नाही आणि गंजते. सोने जवळजवळ धरतच नाही. प्लॅटिनम या दोहोंच्या मधे बसते. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ नंतर इंग्लंडमध्ये पहिला वायू-घट केला तेव्हापासून याच धातूचे नाव पुढे आहे. पण तो दुर्मिळ आहे. जगातले सुमारे ७० टक्के खाणीतले प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. शिवाय त्याचे बारीक कण कालांतराने एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यामुळे पृष्ठभाग घटतो. कार्बन मोनॉक्साइडचा अंश आला तर तो या कणांना चिकटून त्यांची वाट अडवतो. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये हा अंश राहण्याचा धोका असतो.

आता पॉलिमरकडे. २००८ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले ब्यॉर्न विंथर-येन्सन, डग्लस मॅकफार्लेन, मारिया फोरसिथ आणि सहकारी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गोरटेक्स, म्हणजे पावसाळी जॅकेटसाठी वापरतात ते सच्छिद्र कापड, घेतले आणि त्यावर पेडॉटचा थर धरवला. कापडाच्या छिद्रांतून एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूला द्रावण असते, आणि पाणी मात्र पलीकडे झिरपत नाही. हवा, द्रावण आणि पॉलिमर हे तिघे जिथे भेटतात तिथे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळतात. ऑक्सिजन पेडॉटच्या साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि साखळीत रिकामी जागा होते. पाठीमागून विजेचा स्रोत ती जागा पुन्हा भरतो. हे चक्र चालू राहते आणि पॉलिमर मूळचाच राहतो. मागच्या उत्तरात ज्या रिकाम्या जागेमुळे वीज वाहते असे सांगितले, तीच जागा इथे उत्प्रेरणाचे काम करते. या पदार्थाविषयी माझे कुतूहल इथून सुरू झाले.

त्यांचे निकाल असे : इलेक्ट्रोड १५०० तास अखंड चालला आणि त्याची कामगिरी घसरली नाही. त्याच आकाराच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडशी त्याची बरोबरी होऊ शकली. कार्बन मोनॉक्साइडचा त्याच्यावर परिणाम झाला नाही. द्रावणाचा सामू १ पासून १४ पर्यंत, म्हणजे तीव्र आम्लापासून तीव्र अल्कलीपर्यंत, कुठेही ठेवला तरी तो चालला. १५०० तास म्हणजे जवळजवळ दोन महिने.

निबंध वाचताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. एक, तुलना त्याच घडणीच्या इलेक्ट्रोडशी होती, गाडीत वापरतात त्या अत्यंत बारीक प्लॅटिनमच्या तयार इलेक्ट्रोडशी नव्हे. दोन, गाडीतल्या घटासाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे टिकाऊपणाचे लक्ष्य त्या वेळी ५००० तासांचे होते. ‘प्लॅस्टिकने प्लॅटिनमला हरवले’ असा अर्थ यातून काढणे सोपे आहे. निबंधात तसे म्हटलेले नव्हते.

प्रश्न : ‘धातूविरहित उत्प्रेरक’ म्हणतात तो खरोखरच धातूविरहित असतो का?
– वसईहून एक वाचक

उत्तर : नेहमीच नाही, आणि याबाबत संशोधकांनी फार काटेकोर राहिले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

पेडॉट कसे करतात ते पाहा. वाफेतून थर धरवण्याच्या पद्धतीत आधी पृष्ठभागावर लोहाचा एक क्षार, आयर्न टोसिलेट, पसरतात. मग पेडॉटच्या मूळ रेणूची वाफ त्यावर सोडतात. लोह त्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि रेणू जोडले जाऊन साखळी होते. शेवटी थर अल्कोहोलने धुऊन लोह काढतात. धुण्यात कसूर झाली तर लोहाचे थोडे आयन आत राहतात, आणि असे विखुरलेले आयन, गंजणाऱ्या लोखंडासारखे नव्हे, ऑक्सिजनच्या अभिक्रियेत स्वतःच उत्प्रेरकाचे काम करू शकतात. म्हणजे श्रेय पॉलिमरचे की त्यात अडकलेल्या लोहाचे, हे धुण्याच्या भांड्यापाशी ठरते. मोनॅशच्या इलेक्ट्रोडमध्ये पॉलिमरखाली सोन्याचा अगदी पातळ थरही होता, वीज गोळा करण्यासाठी. सोने ऑक्सिजनच्या बाबतीत आळशी, त्यामुळे त्याने निकाल बिघडला असे नाही. पण ‘एकही धातू नाही’ असे त्या इलेक्ट्रोडबद्दल म्हणता येत नाही.

पॉलिमरचा सख्खा शेजारी असलेल्या ग्राफीनच्या क्षेत्रात ही शंका उघडपणे मांडली गेली. मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की ‘धातूविरहित’ म्हणून गाजलेल्या काही ग्राफीन पदार्थांत ऑक्सिजनचे काम प्रत्यक्षात धातूचे बारीकसारीक अंश करत होते. अगदी थोड्या अशुद्धीने निष्कर्षच उलटतो, हा धडा पॉलिमरवाल्यांनाही लागू आहे. लोह न वापरता, नुसत्या विजेने थर धरवता येतो. लेथबींनी केले तेच ते. ज्या प्रयोगात दोन्ही पद्धतींचे थर शेजारी ठेवून एकसारखा निकाल मिळाला आहे, त्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

लोह राहण्याचा दुसरा धोका त्याहून मोठा आहे, पण त्यासाठी पेरॉक्साइडची गोष्ट आधी सांगावी लागेल. ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : शोध लागून इतकी वर्षे झाली. मग पॉलिमरचे इलेक्ट्रोड असलेली गाडी किंवा बस अजून का नाही? पुण्यात हायड्रोजनची बस आली होती, तिच्यात काय आहे?
– पिंपरीतील एक वाचक

उत्तर : पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये जिचे अनावरण झाले ती बस केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून विकसित केली. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांपैकी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे एनसीएलचा, तिच्यात मोठा वाटा आहे. अशा गाड्यांत प्रोटॉन वाहून नेणारा पातळ पडदा असलेला घट असतो. तो आम्लधर्मी असतो, ६० ते ८० अंश सेल्सियसवर चालतो, आणि त्यात आज जगभर प्लॅटिनमच वापरतात.

पॉलिमर तिथे का बसत नाही, याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात आहे. प्लॅटिनम ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन देऊन थेट पाण्यापर्यंत नेते. पेडॉट ऑक्सिजनला फारसे धरून ठेवत नाही, त्यामुळे दोन अणूंमधला बंध तुटत नाही. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की ऑक्सिजन हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन निघून जातो. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंग विद्यापीठात झालेल्या अभ्यासांनी पेडॉटचा हा स्वभाव स्पष्ट केला. घटाच्या दृष्टीने तोटा दुहेरी. दर रेणूमागे निम्मेच इलेक्ट्रॉन, आणि या वाटेचा सैद्धांतिक दाबही १.२३ ऐवजी ०.७० व्होल्ट. त्यात भर म्हणजे पेरॉक्साइड आणि लोहाचा अंश एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती घटाचा पडदा कुरतडतात आणि पॉलिमरलाही सोडत नाहीत. पेडॉटमधल्या गंधकाचे अति ऑक्सिडीकरण झाले की दुहेरी बंधांची साखळी तुटते आणि वाहकता जाते. मघाशी ज्या उरलेल्या लोहाबद्दल बोललो ते इथे येऊन नडते.

म्हणून माझे मत सरळ आहे : गाडीच्या घटात प्लॅटिनमची जागा घेणे हे या पॉलिमरचे काम नव्हे. त्या जागेचे दावेदार वेगळे आहेत. रेमंड जसिन्स्की यांनी १९६४ साली कोबाल्ट थॅलोसायनीन या निळ्या रंगद्रव्याच्या कुळातल्या पदार्थावर ऑक्सिजनचे काम होते हे दाखवले. तिथून निघालेली वाट लोह आणि नायट्रोजन कार्बनमध्ये गुंफण्यापर्यंत आली आहे. गंमत अशी की तिथेही वाहक पॉलिमर हजर आहे, कच्चा माल म्हणून. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पिओत्र झेलेने आणि सहकाऱ्यांनी पॉलिॲनिलीनमध्ये लोह आणि कोबाल्टचे क्षार मिसळून ते प्रखर उष्णतेत भाजले. २०११ साली त्यांनी सांगितलेला उत्प्रेरक प्लॅटिनमच्या अवघ्या ६० मिलिव्होल्ट मागे होता, ७०० तास टिकला आणि पेरॉक्साइड एक टक्क्याहून कमी देत होता. भाजल्यावर तो पॉलिमर राहत नाही, कार्बन होतो. त्याला धातूविरहितही कोणी म्हणत नाही. पण पॉलिॲनिलीनमधला नायट्रोजन जागच्या जागी असल्यामुळेच ते जमले.

मग पॉलिमरचा इलेक्ट्रोड पॉलिमर म्हणूनच कुठे उपयोगी पडतो? माझ्या मते सर्वांत भक्कम जागा आहे रंगद्रव्याच्या सौर घटात. ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ साली ‘नेचर’मध्ये मांडलेल्या या घटात टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक कणांवर रंगद्रव्य चढवतात. प्रकाश पडला की रंगद्रव्य इलेक्ट्रॉन सोडते, आणि आयोडीनचे द्रावण ते इलेक्ट्रॉन परत आणून देते. द्रावणाला समोरच्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन मिळायला हवेत, तिथे प्लॅटिनमचा थर असे. हा थर इतका पातळ असतो की धातूची किंमत हा तिथला कळीचा मुद्दा नाही. अडचण तो बसवण्याची आहे. प्लॅटिनमचा क्षार काचेवर लावून सुमारे ४०० अंशांवर तापवावा लागतो. लवचीक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर घट करायचा तर तो पत्रा वितळून जाईल. पेडॉटचा थर खोलीच्या तापमानाला बसतो. शिवाय आयोडीनऐवजी कोबाल्ट किंवा तांब्याची संयुगे असलेले द्रावण वापरले की पेडॉट प्लॅटिनमपेक्षा सरस ठरते. इथे ऑक्सिजनचा बंध तोडण्याचा प्रश्न नसतो. एक इलेक्ट्रॉन द्यायचा एवढेच, आणि ते पेडॉट सहज करते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने २०१८ साली पेडॉट आणि तांब्याची संयुगे वापरून केलेल्या घटाने उन्हात १३.१ टक्के आणि घरातल्या १००० लक्स उजेडात ३२ टक्के कार्यक्षमता दाखवली. छपरावर सिलिकॉनच राहील. पण खोलीतल्या उजेडावर चालणाऱ्या छोट्या संवेदकांसाठी, ज्यांच्या बॅटऱ्या बदलत बसणे परवडत नाही, हा घट फार कामाचा आहे.

दुसरी जागा म्हणजे ज्याला आपण दोष म्हटले तेच : पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी ३ टक्क्यांचे मिळते ते हायड्रोजन पेरॉक्साइड. कागदाचा लगदा आणि कापड शुभ्र करायला, सांडपाणी शुद्ध करायला ते लागते. आज ते अँथ्राक्विनोन पद्धतीने मोठ्या कारखान्यांत बनते. तिथे पॅलेडियम आणि हायड्रोजन लागतो, आणि तीव्र द्रावण टँकरने दूरवर न्यावे लागते. हवा, पाणी आणि सौर वीज यांतून जिथे लागेल तिथे, लागेल तितके सौम्य पेरॉक्साइड करता आले तर एखाद्या लहान गावच्या पाणीपुरवठ्याला किंवा ग्रामीण रुग्णालयाला त्याचा उपयोग होईल. पेडॉट दोन इलेक्ट्रॉनांवर थांबते, हा इथे त्याचा गुण. या दिशेने जास्त पैसा आणि जास्त माणसे लागायला हवीत असे मला मनापासून वाटते.

तिसरी जागा जस्त-हवा घट. तुमच्या घरी कोणी कानाचे मशीन वापरत असेल तर हा घट तुम्ही पाहिला आहे. चपटी गोल बॅटरी, पाठीवर रंगीत स्टिकर. तो सोलला की बारीक छिद्रातून हवा आत जाते आणि घट चालू होतो. तिथे आधीपासूनच स्वस्त मँगनीज ऑक्साइड काम करते. म्हणजे पॉलिमरची स्पर्धा तिथे प्लॅटिनमशी नाहीच, ती मँगनीजशी आहे, आणि त्या किमतीला पेडॉट अजून पोचलेले नाही.

प्रश्न : एक प्लॅस्टिक हटवायचे म्हणतो आणि दुसरे आणतो. हे ‘स्वच्छ’ कसे?
– कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : शंका रास्त आहे. पेडॉटचा मूळ रेणू आज खनिज तेलाच्या रसायनांतूनच येतो, आणि हे पॉलिमर कुजत नाही. वितळवून पुन्हा साचातही घालता येत नाही. पण इलेक्ट्रोडवरचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो, म्हणजे एका घटामागे लागणारा पदार्थ पिशवीच्या तुलनेत नगण्य आहे. खाणीत काही ग्रॅम प्लॅटिनमसाठी टनभर खडक फोडावा लागतो, हेही तराजूत टाकायला हवे.

प्रश्न : मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या विषयात प्रकल्प करायचा आहे. महागडी उपकरणे नाहीत. कुठून सुरुवात करू?
– नांदेडचा एक विद्यार्थी

उत्तर : पेडॉटच्या मागे लागू नका, पॉलिॲनिलीनपासून सुरुवात करा. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड आणि अमोनियम परसल्फेट यांची पाण्यातली द्रावणे खोलीच्या तापमानाला एकत्र केली की थोड्या वेळात गडद हिरवा साका बसतो. आययूपीएसीने २००२ साली या कृतीची प्रमाणित चाचणी प्रसिद्ध केली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांमधल्या आठ जणांनी एकच कृती करून ५९ नमुने तपासले, तेव्हा वाहकता सरासरी ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर आली आणि उत्पादन प्रत्येक वेळी ९० टक्क्यांच्या वर. तुमचा आकडा त्याच्या आसपास आला तर हात बसला असे समजा.

त्या हिरव्या पदार्थावर अमोनियाचे पाणी घाला, तो निळा होईल आणि वाहकता कोसळेल. आम्ल घाला, पुन्हा हिरवा, पुन्हा वाहक. मल्टिमीटर आणि दोन बाटल्यांत डोपिंगची कल्पना डोळ्यांसमोर येते. पुढे जाऊन हा थर पेन्सिलीच्या ग्राफाइटवर धरवा आणि हवा सोडलेल्या व हवा काढलेल्या द्रावणात प्रवाह किती बदलतो ते मोजा. पोटेन्शिओस्टॅट तुमच्या महाविद्यालयात नसेल तर जवळच्या विद्यापीठात विचारा. कोऱ्या पेन्सिलीचाही प्रवाह मोजायला विसरू नका, नाहीतर कार्बनचे श्रेय पॉलिमरला जाईल. या कृतीत लोह येत नाही, त्यामुळे ‘धातूविरहित’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला अनेक मोठ्या प्रयोगशाळांपेक्षा जास्त राहील. मात्र रसायनांच्या बाटल्यांवर लोहाच्या अंशाचे प्रमाण छापलेले असते, ते वहीत उतरवून ठेवा.

एक सूचना काटेकोरपणे पाळा. ॲनिलीन आणि त्याचे क्षार विषारी आहेत आणि कातडीतूनही शरीरात जातात. हातमोजे घाला, काम धूरकक्षात करा, आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. लेथबींचे या पदार्थाकडे लक्ष गेले तेच विषबाधेच्या तपासणीतून.